फुलं पाठवू नयेत ही विनंती

३ मार्च, सोल
रिटायर होऊन अकरा महिने. आजपासून रोज डायरी. देशाच्या पोलीसप्रमुखाची कारकीर्द इतिहासाला लागेल.
धाकटी, सोल्ही, हिचं लग्न १२ एप्रिलला. आमच्या पत्रिकेत एक ओळ मी स्वतः घातली: ‘फुलं पाठवू नयेत ही विनंती.’ मी पदावर असताना थोरलीचं लग्न झालं, तेव्हाही हीच ओळ होती. तरी माणसाएवढे उंच दोनशे सव्वीस फुलांचे स्टँड आले. प्रत्येकाच्या फितीवर पाठवणाऱ्याचं नाव आणि हुद्दा. आपण नको म्हणतो तेव्हाच निष्ठा दिसते.

९ मार्च
बायको म्हणते, अहो, ती ओळ काढा, या वेळी लोक खरं धरतील. लोक फक्त खुर्चीला सलाम करतात, हे भेकडांचं तत्त्वज्ञान. मी एक लाख तीस हजारांचं दल चालवलंय.
हॉलच्या मॅनेजरला फोन. लिफ्टपासून दारापर्यंतची भिंत आपल्याला. व्याही मासळी बाजारातल्या विक्रेत्यांचे अध्यक्ष. त्यांना कोपरा पुरेल.

२० मार्च
प्योला तीन फोन. आठ वर्षं माझा सेक्रेटरी. आज बंदराच्या शहराचा पोलीसप्रमुख आहे, तो माझ्या सहीने. ऑफिसातून उत्तर: साहेब मीटिंगमध्ये आहेत. हे उत्तर मीच त्याला शिकवलं होतं. अभिमान वाटला.
(नंतर) फार नाही वाटला.

२ एप्रिल
प्योचा फोन आला. अखेर.
“साहेब, पत्रिकेतल्या त्या ओळीचं काय करायचं?”
“लिहिलेलं वाचता येत नाही का तुला?”
समजलं साहेब, म्हणाला. हुशार आहे. समजला असणार.

१२ एप्रिल, सकाळी ९.४०
हॉलवर. स्टँड शून्य. रविवारचं ट्रॅफिक.

१०.२५
लिफ्टमधून पहिला स्टँड. कोट सरळ केला. व्याह्यांचा निघाला. खेकडेवाल्यांकडून.

१०.५०
अठ्ठावन्न. सगळे व्याह्यांचे. कोपरा भरून स्टँड जिन्यात गेलेत. व्याही ओशाळून म्हणाले, साहेब, थोडे तुमच्या भिंतीला लावू का? नको म्हणालो.
शेवटच्या स्टँडची फीत वाचली. पोलीसप्रमुख प्यो. व्याह्यांना शुभेच्छा. बाजार त्याच्या हद्दीत येतो.
बायकोनेही वाचली. सुरकुतलेली फीत सरळ केली आणि पाहुण्यांकडे गेली.

दुपारी
आत जाताना सोल्हीने माझा हात धरला. रिकाम्या भिंतीकडे बघून म्हणाली, “बाबा, ही बाजू किती मोकळी आणि छान दिसतेय.”
पोरीला खरंच तसं वाटत होतं.

१३ एप्रिल
रात्रभर विचार केला. चौतीस वर्षं नोकरी, हजारो हुकूम. प्रत्येकाला कुणीतरी फाटा दिलाच.
हा पहिला, जो दलातल्या एकूण एक माणसाने पाळला.
डायरी बंद.