मुलाच्या खोलीतल्या सामानाची विल्हेवाट

मी खाली सही करणारी, वजनमापे खात्यातून निवृत्त झालेली निरीक्षक, वय वर्षे एकाहत्तर, हा कागद स्वतःच्या हाताने, स्वतःच्या घरात बसून लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. हृदय मात्र ठिकाणावर नाही. त्याचाही कागद त्याच डॉक्टरांनी दिला आहे आणि त्यातली मुदत फार लांबची नाही. मला कुणी भरीला घातलेले नाही, कुणी धमकावलेले नाही. आयुष्यभर मी दुकानदारांचे तराजू तपासले. मला फसवून काही लिहून घेणे किती अवघड आहे, हे ज्यांनी प्रयत्न केला त्यांना विचारावे. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. घर. दुसऱ्या मजल्यावरचे तीन खोल्यांचे हे घर माझ्या मुलीला द्यावे. अट कसलीही नाही. राहायचे तर राहावे, विकायचे तर विकावे.

जिन्याकडची खोली तिच्या मोठ्या भावाची होती. तो तेविसाव्या वर्षी डोंगरात गेला. पाठीवर सॅक घेऊन एकटा निघाला होता, वरच्या खिंडीत हवा फिरली, गारा आणि वारा सुरू झाला, आणि शोधायला गेलेल्यांना तो दुसऱ्या दिवशी सापडला. मुलगी तेव्हा चौदा वर्षांची होती. तेव्हापासून ती मधल्या खोलीत कोचावर झोपत आली आहे. आता ती दुसऱ्या गावी दातांच्या कवळ्या बनवण्याच्या लॅबमध्ये काम करते, पण सुट्टीला आली की अजूनही कोचावरच झोपते. कारण भावाच्या खोलीत सामान आहे. सामान कुणाचे, असे पाहुणे विचारत, तेव्हा मी मुलाचे असे सांगत असे. ते खोटे होते. तंबू, सॅका, स्लीपिंग बॅगा, बूट, स्टोव्ह, यातली एकही वस्तू त्याने पाहिलेली नाही. सगळी खरेदी तो गेल्यानंतरची आहे.

२. जॅकेट. खुंटीवरचे लाल जॅकेट माझ्या नणंदबाईंना द्यावे.

याचे कारण लिहिणे भाग आहे. मुलगा गेला त्या आठवड्यात घर भेटायला आलेल्या माणसांनी भरले होते. नणंदबाई सगळ्यांच्या मधोमध बसून म्हणाल्या, "पोराला जरा बरं जॅकेट घेऊन दिलं असतं, तर ही वेळ आली नसती हो." माझे यजमान चहाचे कप गोळा करत राहिले. ते वाक्य माझ्या जिव्हारी लागले. बरे जॅकेट म्हणजे असते तरी कसे, ते बघायला मी पुढच्या महिन्यात डोंगरी सामानाच्या दुकानात गेले. दुकानदाराने हे दाखवले, आणि मी घेऊन आले. किमतीचे लेबल अजून काढलेले नाही. जॅकेट मुलाच्या मापाचे आहे, नणंदबाईंना ते होणार नाही. तरीही त्यांनाच द्यावे.

३. बाकीचे सामान. खोलीतले उरलेले सर्व सामान डोंगरातल्या बचाव पथकाला द्यावे. पथकाचे प्रमुख या मृत्युपत्राचे व्यवस्थापक आहेत आणि त्यांनी तसे कबूल केले आहे. त्यांनी वापरावे, वाटावे, फाडून पट्ट्या कराव्यात. "मुलाच्या स्मरणार्थ" अशी पाटी कुठेही लावू नये.

लोकांना वाटते की मला खरेदीचा नाद आहे. नाद असता तर बरे झाले असते. बाजारात मागच्यापेक्षा उबदार बॅग आली, मागच्यापेक्षा जोराच्या वाऱ्यात टिकणारा तंबू आला, की माझ्या मनात एकच येई: याने तो वाचला असता. मग ती वस्तू दुकानात पडून आहे आणि आपल्या घरात नाही, हे सहन होत नसे. खोके उघडताना क्षणभर मुलगा वाचत असे. खोके रद्दीत टाकताना पुन्हा जात असे. मग मी नव्या वस्तूची चौकशी सुरू करत असे.

यजमान काही वर्षे गप्प बसले. एकदा दारातले खोके पाहून म्हणाले, "बैल गेला आणि झोपा केला म्हणतात. अगं, किती झोपे बांधणार आहेस?" मी त्यांच्याशी आठवडाभर अबोला धरला. ते आता नाहीत, म्हणून इथे नोंदवते की त्यांचे बरोबर होते. हे फक्त या एका भांडणापुरते. बाकीच्या भांडणांत माझेच बरोबर होते.

४. पितळी वजने. कपाटातला माझा स्वतःचा वजनांचा संच कोपऱ्यावरच्या किराणावाल्याला द्यावा. नोकरीत असताना मी त्याला खोट्या मापासाठी पकडले होते, आणि एकदा पकडूनही त्याची खोड गेली नव्हती. आता त्याची सून गल्ल्यावर बसते आणि माप चोख देते. संच तिच्या हातात द्यावा, सासऱ्याच्या देऊ नये.

५. मुलीच्या अपघाताबद्दल. हे कलम वाटणीचे नाही. वकीलबाई म्हणाल्या की असले मजकूर मृत्युपत्रात घालत नाहीत. मी म्हटले, मृत्युपत्र माझे आहे.

मुलीने तिशी ओलांडली आणि ती डोंगरात जाऊ लागली. भावासाठी जात नव्हती, तिला आवडत होते म्हणून जात होती. मी तिला अडवले नाही. एकाला जाऊ दिले आणि दुसरीला कोंडून ठेवले, असे मला होऊ द्यायचे नव्हते. पण तिची सॅक मी भरत असे. एक स्टोव्ह बिघडला तर म्हणून दुसरा, जॅकेटवर जॅकेट, सर्वांत जाड बॅग, दोऱ्या, टॉर्चा, औषधांचा डबा. ती हसून म्हणायची, "आई, मी डोंगरात चाललेय गं, संसार थाटायला नाही." तरी माझे मन राखायला उचलायची. घरात तराजू असून त्या सॅकचे वजन मी कधी केले नाही.

दोन वर्षांपूर्वी एका उतारावर सॅकने तिला मागे ओढले. ती घळीत पडली, घोटा मोडला, आणि रात्र तिथेच काढावी लागली. पथकाने तिला खाली आणले. प्रमुख स्वतः घरी सांगायला आले. माझ्या मुलाला खाली आणणारेही तेच होते. चहा न घेताच म्हणाले, "बाई, सॅक फार जड होती. तिनेच पाडलं तिला."

मी म्हटले, "पण रात्र तिने त्याच बॅगेत काढली ना? ती बॅग नसती तर?"

"एवढं ओझं नसतं तर ती पडलीच नसती."

मी त्यांना मुलाच्या जॅकेटबद्दल विचारले. इतक्या वर्षांत विचारले नव्हते. त्यांनी मान खाली घातली. "तुम्हाला आधीच सांगायला हवं होतं. त्याच्याकडे सगळं होतं हो. जॅकेट चांगलं होतं. सॅकच्या तळाशी घडी करून ठेवलेलं, अगदी कोरडं. थंडी एकदा डोक्यात शिरली की माणसाला सुचत नाही. तो सॅकला टेकून बसलेला होता."

म्हणजे काहीही कमी पडले नव्हते. मी पुढे जे जे घेतले, ते न पडलेल्या खड्ड्यात टाकलेली माती होती. हे ऐकून मला मोकळे वाटायला हवे होते, नणंदबाईंना तोंडावर सांगायला हवे होते. तसे काही झाले नाही. मला फार भीती वाटली. वस्तू कमी पडली असेल तर ती आणता येते. काहीच कमी नसताना माणूस जात असेल तर आईने करायचे काय? त्याच आठवड्यात मी आणखी एक तंबू घेतला. कळते पण वळत नाही, असे म्हणतात ते हेच.

६. मुलीचा शब्द. घोटा बरा होऊन मुलगी पुन्हा चालू लागली. या वेळी तिने मला समोर बसवले आणि म्हणाली, "आई, तू आता एक वस्तू जरी आणलीस ना, तर मी कुठे जातेय ते तुला सांगणार नाही. मी जायची थांबणार नाही. फक्त तुला कळणार नाही."

"अगं, पण तुझ्याकडची बॅग जुनी आहे."

"आहे जुनी. मला तिची सवय आहे."

"आणि काही झालं तर?"

"झालं तर झालं. पथकाला माझा रस्ता ठाऊक आहे. पण तुझी भीती पाठीवर घेऊन मला चालता येत नाही गं. मी पडले, तुला दिसलं ना?"

मी रडले नाही. तिला रागावलेही नाही. ती बोलते ते करते, हे मला माहीत आहे, कारण मीही तशीच आहे. ती कुठे आहे हे कळत राहणे, एवढेच माझ्याकडे उरलेले आहे. ते मला गमावायचे नाही.

आज सकाळी ती निघाली. आठवडाभराची वाट आहे आणि मधे भावाची खिंड लागते. सॅक लहान होती. जाताना म्हणाली, "उचलून बघ पाहिजे तर." मी हात मागे बांधून उभी राहिले. बघितले असते तर काहीतरी कमी सापडले असते.

संध्याकाळी साक्षीदार म्हणून डॉक्टर आणि डोंगरी सामानाचे दुकानदार आले, हे लिहून होईपर्यंत दोघे समोर बसले आहेत. दुकानदार भला माणूस आहे. "बाई, आता पुरे" असे त्यांनीच मला पूर्वी सांगून पाहिले होते, गिऱ्हाईक गमावायची तयारी ठेवून. पण आज बोलता बोलता त्यांच्या तोंडून निघून गेले की फोन लागत नाही अशा जागेवरून ठावठिकाणा कळवणारे छोटे यंत्र आले आहे. "वजन काहीच नाही हो. ती पहिला मुक्काम सोडायच्या आत माणूस पाठवून देता येईल. पाठवू?"

मी पेन खाली ठेवले. इतकी चांगली वस्तू मला कुणी कधी दाखवली नव्हती. ती खरोखरच उपयोगाची आहे, हेही इथे नोंदवते. डॉक्टर माझ्याकडे बघत होते. मी दुकानदारांना नको म्हटले. त्यांनी पुन्हा विचारले नाही, याबद्दल मी त्यांची आभारी आहे. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देता येत नाही, आणि यापुढे माझ्याकडून त्यांना गिऱ्हाइकीही मिळणार नाही.

७. शेवटचे कलम. इथे येऊन घोडे पेंड खाते. वकीलबाईंनी मसुदा तपासून परत पाठवला तेव्हा समासात लिहिले होते की एक कलम राहिले आहे: मुलगी माझ्याआधी वारली तर घर कुणाला? प्रत्येक मृत्युपत्रात हे घालतात, त्यात अशुभ काही नाही, असे त्या फोनवर म्हणाल्या. मी त्यांना सांगितले की मला हे वाक्य लिहिता येणार नाही. त्या म्हणाल्या, "मग मी टाइप करून पाठवते, तुम्ही फक्त सही करा."

हे एक वाक्य लिहावे लागू नये, म्हणून ती खोली छतापर्यंत भरली. खोली भरली, तरी वाक्य लिहायचे राहिलेच होते. ते दुसऱ्याच्या यंत्रावर उमटलेले मला नको. सबब मी स्वतःच्या हाताने लिहीत आहे:

माझी मुलगी माझ्याआधी वारल्यास हे घर बचाव पथकास जावे. त्या वेळी मी जिवंत असेन, तर पथकातल्या माणसांनी मला ती कुठे सापडली एवढेच सांगावे. तिच्याजवळ काय होते आणि काय नव्हते, हे सांगू नये. मी हात जोडून विचारले तरी सांगू नये.

वरील मजकूर मी पुन्हा वाचला, तो मला मान्य आहे. सातव्या कलमात अक्षर हलले आहे, पण ते माझेच आहे.

(सही)
लिहून देणार, वजनमापे निरीक्षक, निवृत्त

साक्षीदार, ज्यांच्या समक्ष वरील सही झाली:
१. (सही) डोंगरी सामानाचे दुकानदार
२. (सही) कुटुंबाचे डॉक्टर

स्थळ: राहते घर, मधली खोली
दिनांक: सात मार्च, मुलगी वाटेवर असताना