अठ्ठाईतल्या गोळ्या

मननभैया,

पर्युषणाच्या आदल्या दिवशी मम्मी स्वतःच्या पायांनी जैन स्थानकात प्रवचनाला गेली होती, येताना रिक्षावाल्याशी भांडलीही होती. दुसऱ्या दिवशी तिने अठ्ठाई धरली. आठ दिवस नुसत्या उकळलेल्या पाण्यावर, म्हणून गोळ्याही बंद.

गोळी की इंजेक्शन, हे डॉक्टरांनी आपल्यावर सोडलं होतं. मी म्हटलं होतं, उपासात मम्मी गोळी तोंडात घालणार नाही, इंजेक्शनच घेऊ. तू म्हणालास, "घरात सुया दिसल्या की पाहुणे विचारतील. धाकटीचं लग्न जमायचंय अजून." गोळ्या आल्या. पारण्याआधीच तिचे पाय गेले, मग न्यूमोनिया झाला आणि ती गेली.

उद्या गुणानुवाद सभेत तू तिच्या तपाचं कौतुक करशील. ते ऐकायला मी थांबत नाही, धुळ्याला जाते. काकूंकडून डबा आलाय, पप्पांना दिवस मावळायच्या आत वाढ.

आणि हे बाहेरून कळण्याआधी माझ्याकडून ऐक. मघाशी बैठकीत सूरजकाकू म्हणाल्या, "पुण्यवान बाई, तप करता करता गेली." मी सगळ्यांसमोर म्हणाले, "काकू, तिला मल्टिपल स्क्लेरोसिस होता, मज्जासंस्थेचा आजार. आम्ही तो तुमच्यापासून लपवला. औषधसुद्धा तुम्हाला दिसणार नाही असंच भैयाने निवडलं."

रूपल