वडिलांची वही आणि समोर बसणाऱ्यांची अट

मी, योगराज कौतिक भारंबे, वय ७६, निवृत्त शिक्षक, राहणार पिंप्राळा, जळगाव, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर राहून, कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. डॉक्टरांनी आज सकाळी तपासून तसा दाखला दिला आहे. सौ. सुनंदाबाईंचं मत वेगळं आहे, पण दाखला देण्याचा अधिकार त्यांना नाही.

१. पिंप्राळ्याचं राहतं घर व बँकेतील ठेव पत्नी सुनंदाबाई यांची. त्यांच्या पश्चात दोन्ही मुलांना, हितेंद्र व रूपाली यांना, निम्मं-निम्मं. मुलगा म्हणून हितेंद्रने जास्तीचं काही मागू नये.

२. यावलची दोन एकर केळी हितेंद्रची. तो पुण्यात बसून फोनवरून मोटार चालू करतो. पाणी सुटतं, पण पान पिवळं पडलेलं फोनवरून दिसत नाही. महिन्यातून एकदा तरी त्याने बांधावर येऊन उभं राहावं.

३. माझ्या वडिलांच्या हातची गाण्यांची वही. आमच्या वहीगायनात एक जण डफावर कथा गातो, मागचे झील धरतात, म्हणजे ध्रुपद उचलून धरतात, आणि समोरच्या गावाला ती कथा पाठ असते. त्यामुळे चूक झाकून जात नाही. २००४ साली रावेरला भर कार्यक्रमात माझा जुना जोडीदार अमृत लोकांतून ओरडला, “भाऊ, तीन कडवा खाई ग्यात तुम्ही!” लोक हसले. मी डफ उचलला आणि तडक घरी आलो. अमृतशी बोलणं सोडलं, लोकांसमोर गाणंही सोडलं. पुढे वीस वर्षं गच्चीवरच्या खोलीत दार लावून गायलो. कोणी अडवत नव्हतं, म्हणून बिनचूक गातो असं समजत राहिलो.

गेल्या दिवाळीत रूपाली वही उघडून समोर बसली आणि म्हणाली, “म्हणा बाबा.” अकरा कडवी गळाली होती, दोन कथा एकमेकींत शिरल्या होत्या. मला रडू आलं. जन्मभर मुलांना सांगत होतो की गणित फळ्यावर येऊन सोडवा, घरी सगळ्यांचंच बरोबर येतं. स्वतः मात्र घरीच बसलो.

४. सबब वही रूपालीला. ती कपाटात किंवा काचेत ठेवू नये. वर्षातून एकदा यावलच्या चौकात पूर्ण गावी किंवा कोणाकडून गाऊन घ्यावी, आणि टोकणाऱ्यांना पुढची जागा द्यावी. लागोपाठ दोन वर्षं हे झालं नाही तर वही जो गाईल त्याची.

५. डफ मला अमृतला द्यायचा होता. महिन्यापूर्वी धुळ्याला त्याच्या घरी जाऊन मी माफी मागितली. त्याने आधी चहा पाजला आणि मग माफ केलं. पण वकील म्हणाले, ज्याला काही मिळणार आहे त्याला साक्षीदार करू नका, एक काय ते ठरवा. मी अमृतलाच विचारलं. तो म्हणाला, “डफ कोनले बी द्या भाऊ. मी समोर बठसू.” तो साक्षीदार म्हणून समोर बसणार, म्हणून डफही रूपालीला.

वरील सर्व मजकूर मी दोन्ही साक्षीदारांना समोर बसवून मोठ्याने वाचून दाखवला. अमृतने दोन ठिकाणी थांबवलं. दोन्ही ठिकाणी त्याचं बरोबर होतं. दुरुस्ती करून सही करत आहे.

(सही) योगराज कौतिक भारंबे

साक्षीदार:
१. अमृत नथ्थू बागूल, धुळे (सही)
२. कुंदाबाई मुरलीधर नेहेते, शेजारी, पिंप्राळा (सही)

ठिकाण: जळगाव
दिनांक: ९ फेब्रुवारी २०२५