चाकांवरचे चिंचेचे डाग

प्रिय रशीदभाई,

काल मी तुमच्या गाड्या धुण्याच्या शेडवर गेले होते. माफी मागायला. हो, मीच. तिथे तुमच्या खुर्चीवर शबाना बसली होती. तिने सांगितलं, अब्बांना जाऊन तीन आठवडे झाले. जे तोंडावर बोलायचं होतं ते आता कागदावर लिहिते आहे. त्याला माझ्याशिवाय कुणी जबाबदार नाही.

सावद्याच्या एका केळीच्या व्यापाऱ्याकडून मी ती जुनी गाडी घेतली, तेव्हा पहिल्यांदा तुमच्याकडे आले. त्या हौशी माणसाने चाकांवरचा लेप काढून धातू आरशासारखा घासून घेतला होता. तुम्ही उकिडवे बसलात, बोट फिरवलंत आणि म्हणालात, "मॅडम, हे उघडं ॲल्युमिनियम आहे. याला तेजाब नाही, सोडा नाही, तारेची घासणी नाही. साधा साबण आणि मऊ कापड."

मी म्हणाले, "चाकं आहेत ती, जावई नाहीत."

"जावई परवडला मॅडम. तो रुसला तर परत येतो. ही चमक गेली की गेली."

किती वेळ लावायचात तुम्ही! उन्हातून आलेली गाडी आधी सावलीत उभी करायची. "चाकं थंड होऊ द्या. धुळ्याहून आली, पळून जाणार नाही." मग नुसत्या पाण्याने माती सोडवायची, म्हणजे कापडाखाली खडा येऊन चरे पडत नाहीत. टायरला वेगळी बादली आणि ताठ ब्रश, चाकाला वेगळी बादली आणि कापड. एक चाक धुऊन, पुसून कोरडं केल्याशिवाय दुसऱ्याला हात नाही. टायर काळेभोर दिसावेत म्हणून मी एकदा तेल फासायला सांगितलं, तर तुम्ही साफ नाही म्हणालात. "रस्त्याला टेकणाऱ्या भागाला तेल लागलं तर ब्रेक मारल्यावर गाडी थांबेल का?" आयुष्यभर बँकेत लोकांना ताटकळत ठेवलेली मी, तुमच्या बाकावर बसून घड्याळ बघत चरफडायचे.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी तुमच्याकडे ही गर्दी. म्हटलं, यांच्या नाकदुऱ्या कोण काढणार? घरी देवाची पितळी भांडी चिंच-मिठाने घासत होते. लख्ख निघाली. तोच चोथा मी चाकांना चोळला आणि पुरणपोळ्यांच्या गडबडीत विसरून गेले. सकाळी तांब्याभर पाणी ओतलं, झेंडूचे हार घातले, पूजा केली आणि भाचीच्या साखरपुड्याला धुळ्याला निघाले. काळ्या मातीचा चिखल बसला, त्याखाली काय चाललंय ते कुणाला दिसणार?

परत आले आणि गाडी तुमच्याकडे टाकली. चिखल उतरला तेव्हा चारही चाकांवर पांढुरके, खरखरीत डाग. मी चार गिऱ्हाइकांसमोर ओरडले, "तेजाब मारलंत ना? घाई झाली होती ना?"

तुम्ही एवढंच विचारलंत, "घरी काही लावलं होतं का, मॅडम?"

"मला शिकवू नका," मी म्हणाले.

उलटून का नाही बोललात? एरवी तर माझ्या प्रत्येक वाक्याला तुमच्याकडे उत्तर असायचं. त्या दिवशी तुम्ही कापड पिळलंत आणि पुढची गाडी घेतलीत. मी तेवढ्यावर थांबले नाही. सकाळी फिरायला येणाऱ्या तिघीजणींना सांगितलं, तिकडे गाड्या देऊ नका, तो म्हातारा तेजाब वापरतो. तिघींनी गाड्या देणं बंद केलं. मी सांगितलेलं लोक ऐकतात, याचा मला फार अभिमान होता.

मग एके दिवशी ॲल्युमिनियमच्या पातेल्यात कढी रात्रभर राहिली. सकाळी पातेल्याला आतून तेच डाग. आंबट ॲल्युमिनियममध्ये ठेवू नये, हे मी सुनेला पहिल्याच आठवड्यात सुनावलं होतं. मीच. पातेलं हातात घेऊन मी स्वयंपाकघरात उभी राहिले, आणि तुमचा प्रश्न आठवला.

त्याच दिवशी यायला हवं होतं. सोमवारी जाऊ म्हटलं, मग पुढच्या सोमवारी. तोंड कसं दाखवायचं, एवढाच प्रश्न होता. माझ्या कॉन्व्हेंट शाळेत सिस्टर चूक वर्गासमोर उभं करून कबूल करायला लावायच्या. सातव्या वर्षी जमायचं ते सदुसष्टाव्या वर्षी का जमू नये?

काल शबानाला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "अब्बांनी घरी येऊन सांगितलं होतं. मॅडमनी चिंच लावली असणार म्हणाले. हसत होते." मग चाकांकडे बघून म्हणाली, "बारीक पॉलिशने बरेचसे डाग जातील. करून देऊ?"

मी नको म्हटलं.

रशीदभाई, त्या तिघींपैकी दोघींना आज सकाळी सांगून आले. एक हसली, एक म्हणाली, जाऊ द्या हो, झालं गेलं. जाऊ द्यायला ते माझं नव्हतं, तुमचं नाव होतं. तिसरी यावलला लेकीकडे गेली आहे, आली की तिलाही सांगेन. येत्या रविवारी, शेड भरलेली असताना, मी येणार आहे आणि ज्या आवाजात ओरडले होते त्याच आवाजात सांगणार आहे, की चाकं मी खराब केली. ते झाल्यावरच शबानाला पॉलिश करायला सांगेन. तोवर ते डाग घेऊन जळगावभर फिरेन, आणि कुणी विचारलं तर खरं सांगेन.

तुमची भांडकुदळ गिऱ्हाईक,
मालती