एका कनेक्शनची वाटणी

मी, श्रीमती मुक्ता रंगराव रणपिसे, वय अडुसष्ट, टेलिफोन खात्यातून निवृत्त ऑपरेटर, राहणार धायरी, पुणे, आज स्वतःच्या हाताने हे मृत्युपत्र लिहून ठेवते. माझे डोके ठिकाणावर असल्याचा दाखला डॉ. रामदास शेलार यांनी दिला आहे. तो लिहिताना आजची तारीख त्यांना मला विचारावी लागली. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. या घरात दडपण आणायचे काम आजवर मीच केले आहे.

कलम १. घर. धायरी गाव होते तेव्हा माझे पती कालकथित रंगराव यांनी ही जागा घेतली. "पुणं सोडून कुठं रानात चाललात?" असे विचारणारे आता आमच्या दारात गाडी लावू देता का विचारतात. खालचा मजला मुलगा आनंद याला, वरचा मुलगी नम्रता हिला. दोघे आत्ताही तिथेच राहतात, तेव्हा सामान हलवायचा प्रश्न नाही. जिना, त्याच्या वळणावरची माझी खोली आणि वायरीसाठी स्लॅबला पाडलेले भोक दोघांच्या सामाईक मालकीचे. भोक कोणीही बुजवू नये.

कलम २. इंटरनेट. कनेक्शन खालच्या हॉलमध्ये येते. रंगरावांनी स्लॅबमध्ये इतक्या सळया घातल्या की वर सिग्नल पोचत नाही. कनेक्शनवाला चेतन म्हणाला, "आजी, वरती दुसरं कनेक्शन घ्या. दोन राउटर लावणं तुम्हाला नाही जमायचं." छत्तीस वर्षे मी अख्ख्या पुण्याचे ट्रंक कॉल जोडले. मला दोन मजले जोडता येऊ नयेत? राउटर आणला, भोकातून वायर नेली, वरचा खालच्याला जोडला. चेतनला मी काहीही ठेवत नाही. त्याने फक्त येऊन माझ्या राउटरसमोर दहा मिनिटे उभे राहावे.

घरात कनेक्शन एकच राहील. जो दुसरे घेईल, त्याचा जिन्यावरचा हक्क संपला. त्याने खिडकीतून ये-जा करावी.

कलम ३. हत्यारे. वायरीला क्लिप बसवायची पक्कड नम्रताला, रंगरावांचे ड्रिल आनंदला. कामावरचा हेडफोन मैत्रीण हिरा भालेराव हिला द्यायचा होता, पण ती या कागदावर साक्षीदार आहे आणि साक्षीदाराला यातून काही देऊ नये असे ऐकते. म्हणून तो आजच हातात दिला. वीस वर्षे शेजारच्या खुर्चीवर बसून तिने माझ्या डब्यातली चटणी खाल्ली, तीही माफ.

कलम ४. हे कलम माझ्या पश्चात मोठ्याने वाचावे. गेल्या ऑगस्टमध्ये नम्रताची व्हिडिओवर मुलाखत होती, मोठ्या जागेसाठी. त्या सकाळी आनंद वैतागून म्हणाला होता, "तुझ्या कॉलपायी माझं काही चालत नाही. वायरच उपटतो बघ." ऐन मुलाखतीत नेट गेले आणि पाठोपाठ नोकरी गेली. वायर भावाने उपटली असे नम्रताने धरले. अकरा महिने झाले, दोघांचे बोलणे बंद आहे.

वायर कोणीही उपटली नव्हती. आदल्या दिवशीच मी दुसरा राउटर लावला होता. घरातल्या प्रत्येक मोबाइल-कॉम्प्युटरला राउटर एक नंबर वाटतो, आणि हे वाटप एकाच राउटरने करायचे असते. दुसऱ्याचे बंद करायला मी विसरले. शिवाय दोन्ही राउटरांचा स्वतःचा नंबरही एकच ठेवला. मग यंत्रांना कळेना, बाहेर जायची वाट कोणाला विचारायची. एकच नंबर दोन घरांना दिला तर काय होते, हे जन्मभर ऑपरेटर असलेल्या बाईला कळू नये! दुसऱ्या दिवशी मी ते गुपचूप दुरुस्त केले. नेट नीट चालू लागले आणि आनंद जास्तच गुन्हेगार ठरला. वायर परत लावून ठेवली म्हणे.

आधी मी लाजेने गप्प बसले. पुढे, खरे सांगते, मजा वाटू लागली. "आई, वरच्या मॅडमना सांग, मोटर बंद करा." "आई, खालच्या साहेबांना विचार, गॅस आला का." दिवसातून वीस वेळा दोघे माझ्या दाराशी. मी पुन्हा ऑपरेटर झाले होते! पण परवा आनंदला ताप आला. नम्रताने औषध माझ्या हातात दिले आणि जिन्यातच उभी राहिली, आत काही आली नाही. तेव्हा मला रडू आले. आनंद, तुझा काही दोष नाही. नम्रता, तुझी नोकरी मी घालवली. मला माफ करा.

कलम ५. पासवर्ड. दोन्ही राउटरांचा पासवर्ड मी आत्ताच बदलला आहे. पहिली सहा अक्षरे आनंदच्या नावाच्या पाकिटात, पुढची सहा नम्रताच्या. पाकिटे माझ्या पश्चात द्यावीत. नेट हवे असेल तर बोलावे लागेल.

ठिकाण धायरी, पुणे. दिनांक १२ जुलै २०१५.
सही: मुक्ता रंगराव रणपिसे
साक्षीदार: १) हिरा भालेराव २) डॉ. रामदास शेलार

ताजा कलम, त्याच दिवशी, दुपारी साडेचार. डॉक्टरांच्या सहीची शाई वाळते तोच वरून आणि खालून एकदम हाका आल्या, "आई, नेट गेलं!" पासवर्ड मरायच्या वेळी बदलायचा, हे माझ्या लक्षातच आले नव्हते. हिरा हसून हसून खुर्चीतच कलंडली. म्हणाली, "मुक्ते, आता एक तर मर, नाहीतर पाकिटं दे." पाकिटे दिली.

मग जिन्यातून आनंदचा आवाज आला, "सांग तुझी अक्षरं."

"के. मोठा."

"मोठा म्हणजे कॅपिटल?"

"मग काय उंच?"

आणि दोघे हसले. नेट येऊन दहा मिनिटे झाली, तरी अजून जिन्यातच बसले आहेत.

कलम ४ माझ्या पश्चात वाचायची अट मी रद्द करते. ते आत्ताच जिन्यात जाऊन तोंडाने सांगते. हिराला म्हटले, तूही चल. ती जागची हलली नाही.

"नाही गं," म्हणाली, "हा कॉल तुझा तूच जोड."