अब्बा, मी बँकिंग शिकतेय

अब्बा, मी पुन्हा अमरावतीला जायला लागले आहे. त्याच विभागात, त्याच एम.ए.ला. अर्थशास्त्र, बँकिंग आणि वित्त. अकोल्याहून सकाळची एसटी पकडते. वर्गातली मुलं मला मॅडम म्हणतात आणि मी पहिल्या बाकावर बसते, कारण चष्मा लावूनही मागून फळा दिसत नाही.

पहिल्यांदा प्रवेश घ्यायला तुम्हीच आला होता, अकोटचं गादीचं दुकान बंद ठेवून, भुवयांत कापूस तसाच. विभागाच्या दारात तुम्ही चपला काढायला लागलात. "अब्बा, इथे नाही काढत," म्हटलं, तर केवढे लाजलात. घरी धाकटे चाचा वाट बघत होते. "भाई, अपने घर की लड़की अब ब्याज का धंदा सीखेगी?" व्याजाचा पैसा तुम्ही घरात कधी येऊ दिला नव्हता. तुम्ही हातपाय धुतले, टॉवेल खांद्यावर टाकला. "समझने जा रही. समझ के आएगी, तो तेरे को भी समझाएगी." तरी लोकांची बोलणी थांबली नाहीत. शेवटी मीच म्हणाले, सोडते, दुसरं काही शिकते. माझ्यावर तुम्ही आवाज चढवलात तो तेवढाच. "लोगों के डर से छोड़ती? मेरे को पूछा?"

तेव्हाचा शनिवार अजून दिसतो. मी होस्टेलवरून घरी येते. अम्मी चुलीपाशी भाकरी थापतेय, तुम्ही भिंतीला टेकून बसलाय. "बोल, क्या पढ़ाया?" मी सांगायला लागते, रिझर्व्ह बँक, रेपो दर, आणि तुमची मान छातीवर कलते. मी थांबले की दचकून म्हणता, "बोल ना, सुन रहा हूँ." अम्मी पदराआड हसते.

त्याच हिवाळ्यात तुम्ही गेलात. शिक्षण तिथेच राहिलं. मग लग्न, अकोला, मुलं, शाळेतली नोकरी. गेल्या वर्षी यांनीच विचारलं, "अब कौन रोक रहा तेरे को?" मी फॉर्म भरला.

परवा माझा सेमिनार होता, बिनव्याजी बँकेवर. मोर्शीची एक मुलगी उठली. "पण मॅडम, व्याजच नाही पाहिजे, तं माणूस बँकेत जाते कायले?" वर्ग हसला. मी म्हटलं, माझे वडील जायचे. पैसा सुरक्षित राहावा म्हणून. वर्षाचं व्याज जमलं की ते कुणा नडलेल्याला देऊन टाकायचे, आणि ते पुण्य धरायचं नाही असं बजावायचे. सर म्हणाले, "अशा खातेदारांवरच प्रबंध लिहा." बाहेर येऊन मी फोन हातात घेतला. यांना सांगितलं, मुलांना सांगितलं. तरी कुणाला तरी सांगायचं राहिलंय असं घरी पोचेपर्यंत वाटत राहिलं.

तुम्हाला मराठी वाचता येत नव्हतं. मोडक्यातोडक्या उर्दूत मला लिहिता आलं असतं. पण मुद्दाम मराठीत लिहिलं, अब्बा. म्हणजे शेजारी बसून ते मलाच वाचून दाखवावं लागलं असतं.