स्वल्प कापायचं

भागुअक्का,

माझ्या कानावरची ती न जाणारी खपली तू पाहिलीस ना? सुतारकामाची पेन्सिल घासून झाली असेल, असं मी हसण्यावारी न्यायचो. तो कातडीचा कॅन्सर निघाला.

आज तपासून झाल्यावर दोन्ही डॉक्टर पडद्याआड तमिळमध्ये बोलत होते. मी मराठी माणूस, म्हणून ते निर्धास्त! माझं तमिळ गवंड्यांसोबत राबून शिकलेलं, शिव्यांसकट. सगळं कळलं. "पूर्ण कान काढावा लागेल. मानेतल्या गाठीतही पोचलंय. एवढं करूनही उलटू शकतं."

मग मोठे डॉक्टर हसत बाहेर आले आणि इथल्या कन्नडमध्ये म्हणाले, "स्वल्प कापायचं, अण्णा."

मी तमिळमध्येच विचारलं, "सार, माझ्यासारखे वाचतात का?"

त्यांचं हसू मावळलं. शेजारी बसत म्हणाले, "बरेच वाचतात. सगळे नाही."

अक्का, फोनवर तू आवाजातली भीती ओळखशील, म्हणून लिहायला बसलो. पण हे पाठवायचा धीर नाही.

घरी शिवलीलाला मीही तेच सांगितलं, स्वल्प कापायचं आहे. ती म्हणाली, "स्वल्प म्हणजे किती हो?"



तुझा,
शंभू